गावपळणीला येतोयस तर

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो गं आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागदावर लिहितेय. बायो फोटो काढून पाठवील तुला. सोमवारी गाडीवरून जे झालं त्यावर मी काही बोलणार नाही. गाडी तुझ्या पैशाची आहे, तू सज्ञान आहेस. बोलणार नाही म्हटलं ना.

बातमी तुला कळलीच असेल. रामेश्वराचा कौल झाला, गावपळण ठरली. शनिवारी दुपारी सगळ्यांनी वेशीबाहेर. तीन दिवस, तीन रात्री. चौथ्या दिवशी परत कौल लावायचा, देवाने हुकूम दिला तर घरी, नाहीतर आणखी एक दिवस बाहेर. यंदा वायंगणीच्या बाजूला माळावर जागा धरलीय. काकांनी खोपीसाठी माडाचे झाप विणून घेतलेत, वासे आपलेच. तुझे पप्पा रोज एकदा जाऊन जागा बघून येतात, जणू कोणी उचलून नेणार आहे.

आता नीट ऐक. तू शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री निघणार म्हणालास. कशेडीला बोगदा झालाय ते मला माहीत आहे, परत सांगू नकोस. पण पुढे भोस्ते घाट आहे, परशुराम घाट आहे, आणि मार्गशीर्षात नदीच्या बाजूला पहाटे जे धुकं पडतं त्यात समोरचा ट्रक दिसत नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस रात्री एकटा गाडी चालवतो म्हणजे काय? संजूच्या वेळी फोन रात्री दोनला आला होता. पुढचं लिहीत नाही.

झालं, सुरू झाले मी. राग मानू नकोस.

देवदिवाळी झाली मार्गशीर्षाच्या पाडव्याला. कुळदेव, गावदेव, मूळपुरुष, सगळ्यांची पानं मांडली, वडे केले. तुझ्या वाटचे चार बायोने खाल्ले आणि तू नाहीस म्हणून रडलीही, दोन्ही एकदमच. मग दर गुरुवारी घट: पाच पत्री, नारळ, फळं, पोथी. गुरुवारी मासळी नाही म्हणून पप्पांचं तोंड वाकडं, पण बाजारात बांगडा स्वस्त झाला तोही नेमका गुरुवारीच, त्याला मी काय करू? चंपाषष्ठीला चातुर्मासानंतरचं पहिलं वांग्याचं भरीत झालं. दत्तजयंतीला माणगावला जायचं आजीच्या मनात आहे, टेंबेस्वामींच्या जन्मस्थानी. गुडघे दुखतात तिचे, पण तिला सांगणार कोण.

जत्रा तर रोज कुठे ना कुठे आहेतच. परवा शेजारच्या गावात दहीकाला होता, रात्रभर दशावतारी नाटक. तुला आठवतं का, तू पहिलीत होतास, पालखीची प्रदक्षिणा होईपर्यंत कसाबसा जागलास. गणपती आला, रिद्धीसिद्धी आल्या, तू माझ्या मांडीवर आडवा. संकासुर राक्षस आला आणि असा किंचाळलास की पेटीवाल्याचा सूर चुकला. मग आख्यान संपून पहाटे हंडी फुटेपर्यंत डोळा मिटला नाहीस. घरी येताना पप्पांच्या खांद्यावर खाजं चघळत होतास, आणि त्यांच्या सदऱ्यावर गूळ. तो डाग गेला नाही. ते अजून तोच सदरा जत्रेला घालतात, मी कितीदा टाकून द्या म्हटलं.

आणि ती पहिली गावपळण! गुरं पुढे, मागे आपण, कोंबड्यांचं डालगं तुझ्याच हातात. कुत्र्याला बांधून नेलं तरी दोरी चावून परत घराकडे पळाला. तू वेशीवर उभा राहून त्याच्या नावाने रडत होतास आणि आत जायची सोय नाही, कारण एकदा सुटलं की गावात पाऊल टाकायचं नाही. रात्री आपसूक परत आला. त्या रात्री खाडीवर मासे धरले, भजन झालं, बायकांच्या फुगड्या. मुसलमानवाडीतले, क्रिस्ती घरातलेही सगळे तिथेच, खोपीला खोपी लागून. कोण म्हणतं भुतांना गाव मोकळं करून द्यायचं, कोण म्हणतं जमिनीला आणि हवेला विसावा द्यायचा. मला विचारशील तर कारण काही असो, सगळा गाव एका माळावर झोपतो हे मला आवडतं. तुझ्या मामीच्या माहेरी, वैभववाडीकडच्या शिराळ्याला, दरवर्षी पौषात असते, तिथली शाळासुद्धा झाडाखाली भरते. आपल्याकडे तीन-चार वर्षांनी एकदा, म्हणून तर तुझी वाट बघतोय. मागच्या खेपेला तू परीक्षेला होतास.

तर यासाठीच सांगते. उशीर झाला, रात्री पोचलास, तर सवयीने घराकडे वळू नकोस. दार बंद, दिवा नाही, गावात एक माणूस नाही. सरळ माळावर ये. आणि खरं म्हणजे रात्री पोचूच नकोस. कोकणकन्या आहे, तुतारी आहे, कणकवलीला उतर, पप्पा घ्यायला येतील. आजी म्हणते, "तेका सांग, राती गाडी चलवू नको, देव रस्त्यार नाय बसलो." देवाबद्दल तिला जास्त कळतं.

गाडी बघायची आहे, तेही खरं. मी फोटो अख्ख्या वाडीला दाखवला. डेअरीवर दाखवला, पिठाच्या गिरणीवर दाखवला. गिरणीवाला म्हणाला, रंग छान आहे. मी म्हटलं, हप्ता स्वतः भरतो. पप्पा समोर काही बोलत नाहीत, पण गोठ्याशेजारचा कचरा काढून गाडीपुरती जागा केलीय त्यांनी. तेव्हा आणलीसच तर शनिवारी उजाडल्यावर निघ. वाटेत दोनदा थांब, चहा घे, डोळ्यांवर पाणी मार. संध्याकाळी आलास तरी चालेल, आम्ही कुठे पळून जाणार आहोत. म्हणजे पळूनच गेलेले असू, पण कुठे ते तुला ठाऊक आहे.

येताना आजीच्या प्रेशरच्या गोळ्या, पप्पांना एक जाड चादर (माळावर पहाटे गारठा असतो) आणि दोन टॉर्च आण. मिठाई नको, इथे कोणी खात नाही.

तुझी,
आई

ता.क. तत्काळचं तिकीट आदल्या दिवशी निघतं म्हणे. एसीचं सकाळी 10 ला, स्लीपरचं 11 ला. बायो दोन्ही वेळी मोबाईल घेऊन बसायला तयार आहे, तू फक्त हो म्हण.