सव्वादोनचं ताट

महोदय,

मोठ्या कंपन्यांच्या आवारातल्या भोजनगृहांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पदार्थांची संख्या, काचेपलीकडचं स्वयंपाकघर, बसायची प्रशस्त जागा, सगळं त्यात होतं. वेळेचा उल्लेख मात्र कुठेच नव्हता. अशाच एका आवारातल्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं देखरेखीचं काम केलं, म्हणून हे लिहिते आहे.

जेवण चांगलं आहे की नाही ते साडेबाराला कळत नाही. तेव्हा सगळंच ताजं असतं. सव्वादोनला या. बैठकीत अडकलेले, फोन सोडता न आलेले, बदली माणूस आल्याशिवाय जागा न सोडणारे पहारेकरी, सगळे तेव्हा येतात. तोवर भाताच्या कडा वाळून दाणा टोचायला लागलेला असतो आणि पालेभाजीचा रंग शेवाळासारखा झालेला असतो.

यात अन्न नासलेलं नसतं. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही दर अर्ध्या तासाला थर्मामीटर घालून नोंद करायचो. पण ६५ अंशांवर ठेवलेली भाजी नासत नसली तरी ती आतल्या आत शिजतच राहते. तिचा हिरवेपणा जातो, क जीवनसत्त्व घटत जातं. नोंदवहीत मात्र सगळं ठीकच दिसतं.

यावर उपाय एकच, सगळं एकदम शिजवायचं नाही. भाजी चिरून थंड ठेवायची आणि दर वीस मिनिटांनी दीडशे माणसांपुरती टाकायची. त्यासाठी शेगडीपाशी शेवटपर्यंत माणसं लागतात. आमच्याकडे एका वर्षी सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराला काम मिळालं आणि त्याने दुपारचे दोन मदतनीस काढले. पुढच्या सोमवारपासून सगळा स्वयंपाक अकराच्या आत उरकायला लागला. अभिप्रायाच्या कागदांवर एकही तक्रार आली नाही, कारण ते भरायचे साडेबाराचे लोक. एक पहारेकरी मला म्हणाला, "ताई, हा कालचा भात आहे का?" भात त्याच दिवशीचा होता, पावणेअकराला उतरवलेला. "आजचाच आहे," असं सांगताना मला त्याच्याकडे बघवेना.

गूगलने १९९९ मध्ये चार्ली एअर्स यांना आचारी म्हणून नेमलं, तेव्हा तिथे पन्नासच्या आसपास माणसं होती. एवढ्या जणांसाठी रांधणाऱ्याला शेवटचं ताट दिसतं. हजारोंसाठी रांधताना ते दिसत नाही, म्हणून ते करारात लिहावं लागतं: शेगडीवरून ताटात यायला जास्तीत जास्त किती मिनिटं, आणि शेवटच्या अर्ध्या तासात शेगडीपाशी किती माणसं. बहुतेक करारांत पदार्थ मोजलेले असतात, मिनिटं नसतात.

आमच्या एका अधिकाऱ्यांना मी विनंती केली, की महिनाभर सव्वादोनलाच जेवा. ते खरोखर जेवले, तेही रांगेत उभं राहून. पाचव्या आठवड्यात दोन्ही मदतनीस परत आले.

आपले प्रतिनिधी पुढच्या वेळी अशा भोजनगृहात जाणार असतील, तर त्यांनी कृपया सव्वादोनची वेळ मागून घ्यावी.

आपली,
एक निवृत्त स्वयंपाकघर पर्यवेक्षिका