शेतीत ये, पण पैशाचे महिने आधी मांड

कडोली, ता. बेळगाव

प्रिय संजू,

नोकरी सोडून गावी यायचं आणि पॉलीहाउस, म्हणजे प्लास्टिकच्या छपराखालची शेती, करायची, त्याचा तुझा हिशेब मिळाला. ढबू मिरचीचा दर, उत्पन्न, सबसिडी, सगळं नीट मांडलंयस. चाकणला राहून हिशेब सुधारला गा तुझा! पण त्यात महिने कुठं आहेत? किती जाणार नि किती येणार एवढंच लिहिलंयस. कधी जाणार नि कधी येणार, ते नाही. आपल्याकडं माणूस बुडतो तो बहुतेक मधल्या महिन्यांत.

आपलंच बघ की. पावसाच्या तोंडावर भात पेरायचं, रताळ्याचे वेल लावायचे, बटाट्याला जालंधरचं बी आणायचं. डीएपी खताचं पोतं १३५० ला, युरियाचं २६६ ला, हे छापील दर. ऐन हंगामात डीएपी मिळत नाही, मिळालं तर दुकानदार नको असलेली बाटली सोबत गळ्यात मारतो. भांगलण, म्हणजे तण काढणं, सगळ्यांची एकाच वेळी, त्यामुळं बायका मागतील ती मजुरी. पूर्वी पैऱ्यावर, एकमेकांच्या रानात राबून, भागायचं. आता पोरं बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यांत कामाला जातात, पैरा फेडणार कोण? हे सगळं रोख जातं. रताळ्याचा पैसा दिसतो तो नवरात्राच्या सुमारास, दिल्लीकडचे ट्रक भरायला लागले की. आणि सगळ्यांनी एकदम काढली तर तोही दर पडतो.

या मधल्या काळात पैसा कुठून आणतोस, त्यावर पुढचं सगळं. कर्नाटकात सोसायटीचं पीककर्ज ५ लाखांपर्यंत बिनव्याजी आहे, मात्र मुदतीत फेडलं तरच. ते पुरलं नाही की बायकोचं सोनं. त्यानंतर अडत्याची उचल, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून आगाऊ पैसे. उचल घेतली की माल त्याच्याच दारात, तो म्हणेल त्या दरानं. पोतं शंभरानं महागलं म्हणून कुणी देशोधडीला लागत नाही रे. काढल्या दिवशीच माल विकायची पाळी येते, तिथं कंबरडं मोडतं.

निपाणी-चिकोडीकडच्या पाहुण्यांना उसाचं विचार. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यावर १४ दिवसांत बिल यायला पाहिजे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. तोडणीची टोळी फडात यायची तर खुशाली, म्हणजे वरचे पैसे, वेगळीच. तरी लोक ऊस सोडत नाहीत, आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. माल कुणाच्या गळ्यात घालायचा ही चिंता तरी नसते.

विम्याचंही सांगतो. खरिपाच्या भाताला पंतप्रधान पीक विम्याचा हप्ता संरक्षित रकमेच्या २ टक्के. कापलेलं भात शेतात वाळत पडलंय आणि अवकाळी पाऊस आला, तर कापणीपासून १४ दिवस भरपाई मागता येते. पण ७२ तासांत कळवायला लागतं. आमचे लोक हप्ता भरतात आणि तलाठी येईल म्हणून बसून राहतात! सरकारी पीक पाहणीत एक पीक, विम्याच्या अर्जात दुसरं, असं झालं तरी अडकलंच. कागद सगळे कन्नडात. तुझं कन्नड चाकणात गंजलं असणार. माझी थोरली वाचून सांगते, तुझंही सांगेल.

आता तुझं पॉलीहाउस. सबसिडी तू पहिल्याच रकान्यात जमेला धरलीयस. ती मागाहून येते, आधी सगळा सांगाडा कर्जावर उभा करायचा आणि तोवर व्याज तुझ्या डोक्यावर. शिवाय आपल्या पश्चिम भागातला आषाढातला वारा तुला ठाऊक आहे, प्लास्टिक फाटलं तर बदलायचा खर्च तुझ्या कागदात नाही. करू नको म्हणत नाही. छोटं कर. बाकी रानात भात-रताळी राहू देत, आणि दोन म्हशी घे. म्हशीत फार सुटत नाही, वैरण-पेंड महागलीय, पण दुधाचं बिल थोड्या थोड्या दिवसांनी हातात येतं. ढबू लागेपर्यंत किराणा त्यावर चालतो.

तेव्हा कागद परत कर. बारा रकाने आख, जूनपासून सुरू कर, पोरांची फी आणि गणपतीचा खर्चही घाल. ज्या महिन्यात खाली उणे येईल तिथं पैसा कुणाचा, ते नावानिशी लिही. मग मला पाठव. सोसायटीच्या सेक्रेटरीकडं आपण दोघं मिळून जाऊ. तोवर राजीनामा देऊ नको.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
परशा