देवराईसंबंधी बैठक : रविवारी सकाळी 10 वाजता, देवळाच्या सभामंडपात

समस्त मानकरी, ग्रामस्थ, महिला मंडळ आणि मुंबईकर मंडळींना नमस्कार.

शिमग्याला पालखी बाहेर पडण्याआधी दोन विषय मार्गी लावायचे आहेत. पहिला, राईतल्या झऱ्यावरून वरच्या वाडीला पाइपलाइन. पाणी द्यायलाच हवं. पाइप पायवाटेच्या कडेने नेला तर एकही झाड जात नाही.

दुसरा, गाड्या लावायला जागा. त्यासाठी जुना बेहडा तोडावा अशी सूचना आली आहे. त्याच्या ढोलीत सध्या धनेशाची मादी बसली आहे. ढोलीचं तोंड लिंपलेलं, चोच बाहेर येईल एवढीच फट. नर फळं आणून भरवतो. झाड पडलं तर मादीही जाईल आणि पिल्लंही. गाड्या शाळेच्या मैदानात लावाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

देवाला कौल मानकरी लावतीलच. शिवाय 2002 च्या जैवविविधता कायद्याखालच्या लोकनोंदवहीत राईतली झाडं, वेली, औषधी अजून पुरत्या चढलेल्या नाहीत. झाडपाल्याची माहिती असलेल्या जाणत्यांनी जरूर यावं. मुंबईकरांनी आपलं म्हणणं शनिवारपर्यंत कळवावं.

तोवर राईत कोयता चालवू नये. सुकी फांदीही उचलू नये.

– सचिव, देवराई समिती