चोवीस काड्यांचा कंदील: मुलुंडच्या काकूंना आभाराचं पत्र

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या मुलांच्या आठवणी नोंदवायला घेतल्या, तेव्हा आठवणींचा तुटवडा नव्हताच. "काय दिवस होते ते!" सगळेच म्हणतात. पण घरातली कामं नेमकी कशी व्हायची, ते विचारलं की गाडी अडते. घरातली कामं पायरी-पायरीने लिहून ठेवलेल्या तुमच्या वहीने ती अडचण सोडवली. आभार खाजगीत मानून भागणार नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

रॉकेलच्या, पंप मारायच्या स्टोव्हची पानं आम्ही जवळजवळ जशीच्या तशी घेतली आहेत. शाळकरी पोरांच्या गळ्यात पडणारं ते पहिलं जोखमीचं काम, आणि त्याबद्दल लोकांना आठवतो तो फक्त आवाज. तुम्ही मात्र क्रम दिलात: टाकी पाऊण भरायची, वर हवेला जागा हवी. हवेची चावी सैल ठेवून स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा बर्नरच्या मानेला लावायचा आणि पेटवायचा. स्पिरिट संपत आलं की चावी आवळून बेताने पंप मारायचा. मान नीट तापली असेल तर वर चढणाऱ्या रॉकेलची वाफ होते आणि ज्योत निळी येते. घाई केली तर रॉकेल पातळच वर येतं, पिवळा भडका उडतो आणि पातेल्याचं बूड काजळीने माखतं. तसं झालं तर आणखी पंप मारायचा नाही. चावी सोडून हवा जाऊ द्यायची, थांबायचं आणि पुन्हा काकड्यापासून सुरुवात. गरम स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही, हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय. आम्हीही ते ठळक अक्षरांत छापतोय.

बर्नरचं बारीक भोक साफ करायच्या पिनेचा भाग तर कुठल्याच मुलाखतीत इतका नीट आला नव्हता. पिन सरळ आत गेली पाहिजे. तिरकी मारली तर तार भोकात तुटून बसते. जाड तार घुसवली तर भोक मोठं होतं आणि मग ज्योत कायमची पिवळट. पंप नुसताच खालीवर होऊन हवा धरत नसेल तर दोष बहुधा चामड्याच्या वॉशरचा. तो वाळून आकसलेला असतो. दांडा बाहेर काढून वॉशरला गोडेतेल चोळायचं, त्याची कड बोटांनी जरा फाकवायची आणि परत बसवायचा. उलट दांडा आपोआप वर येत असेल तर खालची झडप गेली, ते काम दुरुस्तीवाल्याचं.

दुसरा मोठा उपयोग झाला तो आठवणींना साल लावण्यासाठी. माणसं प्रसंग बरोबर सांगतात, साल चुकतात. तुमचा उपाय सोपा: खिशात कुठलं नाणं होतं ते विचारा. आणे असतील तर बहुधा दशमान नाणी आली त्या १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, निदान त्या सुमाराचं. 'नवे पैसे' म्हणत असतील तर १९५७ ते १९६४. ॲल्युमिनियमचे षट्‌कोनी तीन पैसे १९६४ पासूनचे, कमळाचे पिवळे वीस पैसे १९६८ चे किंवा नंतरचे. (मुलुंड बृहन्मुंबईत आलं तेही १९५७ मध्येच, त्यामुळे तुमच्याकडच्या लोकांना ते साल दोन खुणांनी पकडता येतं.) मधल्या काळात दोन्ही नाणी चालायची आणि हिशेबात पोरांची गंमत व्हायची. सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५. म्हणजे आण्याच्या गोळ्या चार वेळा वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे, एकदम चार आण्यांच्या घेतल्या तर २५. हे ज्या पोराच्या ध्यानात आलं, ते दुकानात चार खेपा घालणारच!

आता कंदील. पारंपरिक आकाशकंदिलाचा सांगाडा एकसारख्या २४ काड्यांचा, हे तुमच्या आकृतीमुळे पहिल्यांदा धड कळलं. चार-चार काड्यांचे चार चौकोन करायचे, ते टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा बांधत गोल जोडायचे. इथे १६ काड्या संपतात. वरची चार टोकं चार काड्यांनी जोडायची, खालची चार तशीच. बांबूची एक काडी जरी बोटभर आखूड निघाली तरी सांगाडा पिळतो आणि कंदील वाकडा लटकतो, म्हणून आधी सगळ्या काड्या एकीवर एक धरून कापायच्या. मैद्याची खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचं, कीड आणि बुरशी लागत नाही. ते विषारी, तेव्हा खळीचं भांडं वेगळं आणि हात धुतल्याशिवाय फराळाला शिवायचं नाही. पतंगी कागदाला खळ फक्त कडेला, नाहीतर तो भिजून फाटतो. वरचा चौकोन उघडाच ठेवायचा. तो झाकला की दिव्याची उष्णता आत कोंडते. झिरमिळ्या शेवटी, सांगाडा टांगून झाल्यावर, म्हणजे लांबी डोळ्यांनी जमवता येते.

आरेच्या दुधाच्या बाटल्यांबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण कामाच्या. रिकामी बाटली आधी गार पाण्याने विसळायची, मग गरम पाण्याने धुवायची. उलट केलं तर दुधाचा पापुद्रा काचेला धरून बसतो आणि ब्रशही हरतो.

वही रजिस्टर पोस्टाने परत पाठवली आहे. मधली दोन सुटी पानं पाकिटात वेगळी ठेवलीत, टाके उसवले होते. आकृतीतल्या काड्यांची लांबी पुसट झाली आहे, तेवढी सवडीने कळवाल का? आठ इंच की नऊ, यावर इथे एकमत होत नाहीये.

आपले,
उपनगरांच्या आठवणी जमवणारे आम्ही सगळे