हमी संपताच बदललेली भाषा

महोदय,

७ वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या मोटारीची प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच वेळेवर करून घेतली असूनही, हमीचा काळ संपल्यावर काही महिन्यांतच तिचा स्वयंचलित गिअरबॉक्स झटके देऊ लागला. उष्णतेने आणि क्लचच्या झिजेतून सुटणाऱ्या कणांमुळे गिअरबॉक्सचे तेल कालांतराने खराब होते. तरीही ‘हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’, असे मला तेथेच सांगण्यात आले होते. आयुष्य गाडीचे की हमीचे, हे मात्र कोणी सांगितले नाही. आधी दोनदा ‘संगणकात दोष दिसत नाही’ म्हणून गाडी परत दिली, आणि तिसऱ्या फेरीत थेट संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिला. नेमके काय तपासले, याचा लेखी अहवाल मागितल्यापासून व्यवस्थापक भेटत नाहीत. विक्रीच्या वेळी हेच गृहस्थ दिवसातून दोनदा फोन करीत. असा अहवाल देणे कंपन्यांनी विक्रेत्यांवर बंधनकारक करावे.

– एक मोटारमालक