आमच्या ऑपरेशन थिएटरातल्या (ओटीतल्या) सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

ट्रंकस आर्टेरिओसस हा जन्मजात हृदयदोष असलेल्या नवजात बाळाच्या हृदयातून एकच मोठी रक्तवाहिनी निघते. शस्त्रक्रियेत फुप्फुसाच्या रोहिण्या तिच्यापासून सोडवतात आणि एका नळीने हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला जोडतात. मानवी दात्याची योग्य मापाची नळी ऐन वेळी क्वचितच मिळते. मग गुरांच्या मानेतली शीर वापरतात. तिच्यात तीन पाकळ्यांची झडप मुळातच असते. बाळासाठी सर्वांत लहान माप लागतं, 12 मिलिमीटर.

ती शीर ग्लुटाराल्डिहाइड या रसायनात टिकवलेली असते. ते नीट धुतलं गेलं नाही तर आसपासच्या ऊतींना इजा होते. बायपास सुरू असताना, म्हणजे हृदयाचं काम यंत्र करत असताना, टेबलावरून कितीही घाई झाली, तरी तुम्ही सलाइनच्या वाट्या बदलत ठरलेली मिनिटं पूर्ण करता. त्याबद्दल मनापासून आभार. बरणीचं सील, मुदत आणि क्रमांक तुम्ही मोठ्याने वाचता. धुतल्यावरही शीर ओलीच ठेवता, कारण सुकली की पाकळ्या कडक होतात. झडपेची दिशा दाखवून मगच ती हातात देता. उलटी बसली तर फुप्फुसाकडे रक्त जाणारच नाही. लांबी जास्त राहिली तर नळी दुमडते, म्हणून कापण्यापूर्वीची तुमची ती एक नजरही आम्हाला हवी असते.

सर्वांत मोठे आभार मात्र ओटीबाहेरच्या कामाचे. ‘ही शीर गायीगुरांची आहे’ हे आपल्या वडोदऱ्यात सांगणं सोपं नाही. दांडिया बाजारातल्या आजी असोत की जवळच्या पादरा गावाहून आलेले आईवडील, तुम्ही सही घेण्याआधीच ते सांगता, कृत्रिम नळीचा पर्यायही समजावता आणि विचार करायला वेळ देता. लपवून घेतलेली सही आम्हाला कधीच मान्य नव्हती. पण रोज ते शब्द तुम्हीच उच्चारता.

पुढचंही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगता. नळी बाळाबरोबर वाढत नाही, म्हणून ती पुढे बदलावी लागणारच. फुप्फुसाकडच्या जोडावर ती अरुंद होऊ शकते, त्यासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवायचा नाही. या शिरेत जंतुसंसर्गाची भीती जास्त, म्हणून दात स्वच्छ ठेवायचे, दाढ काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून अँटिबायोटिक घ्यायचं आणि कारण न कळणारा ताप आला तर रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी) आधी, औषध नंतर. नळीचं माप आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड तुम्ही आईच्या हातात देता व तिच्याकडून एकदा वाचून घेता.

आपले,
बालहृदय शस्त्रक्रिया विभागातले सहकारी, वडोदरा