धावपटू मुलांची रोज ‘टाइम ट्रायल’ नको

महोदय,

शालेय जिल्हास्पर्धा तोंडावर आल्या की लांब पल्ल्याच्या मुलांना मैदानावर रोज घड्याळ लावून पळवलं जातं. ज्याच्या अंगात गुण जास्त, त्याच्यावर भारही जास्त. हे थांबायला हवं.

३००० मीटर १० मिनिटांत, म्हणजे ४०० मीटरची फेरी ८० सेकंदांत मारणारा सतरा वर्षांचा मुलगा घ्या. त्याला आठवड्याला ५० ते ६० किलोमीटर पुरे, आणि त्यात जोराचे दिवस दोनच. एका दिवशी ८०० मीटरची पाच रिपिटेशन, प्रत्येकी २ मिनिटं ४५ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं जॉगिंग. पाचवं संपल्यावर आणखी एक निघेल एवढा दम उरला पाहिजे. वेळ पाच-पाच सेकंदांनी वाढू लागली तर सराव तिथेच थांबवावा. जोराच्या दुसऱ्या दिवशी किलोमीटरला ३:५० (३ मिनिटं ५० सेकंद) च्या वेगाने सलग वीस मिनिटं. एक दिवस पूर्ण सुट्टी आणि उरलेले दिवस किलोमीटरला पाच मिनिटांच्या आसपास, सोबत्याशी गप्पा मारता येतील इतकं सावकाश.

बिघडतं ते या सावकाश दिवशी. मुलं चुरशीने ४:१५ ने पळतात, पायांचा थकवा निघतच नाही, मग जोराच्या दिवशी वेग लागत नाही. प्रशिक्षकाला वाटतं पोरगं अंग चोरतंय, आणि तो आणखी दोन फेऱ्या वाढवतो.

नडगीच्या हाडावर बोट टेकवल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, तर बाम चोळून पळवू नका. तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, असू शकतो, डॉक्टरांना दाखवा. उंची झपाट्याने वाढत असेल त्या महिन्यांत अंतर वाढवू नये. मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ‘सरावाने होतं असं’ म्हणून सोडून देऊ नये. बहुतेकदा खाणं कमी पडत असतं आणि त्यातून हाडं कमजोर होतात. दम लवकर लागत असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं.

बक्षिसाच्या रकमेसाठी दर रविवारी डांबरी रस्त्यावर दहा किलोमीटर पळवण्याची घाई कशाला? ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेला बीड जिल्ह्यातला अविनाश साबळेही सैन्यात गेल्यावर स्पर्धात्मक धावण्याकडे वळला, स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) तर २०१७ मध्ये लागला.

जिल्हा क्रीडा कार्यालयांना एक विनंती : १५०० आणि ३००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी ठेवू नयेत. क्रीडागुणांसाठी शाळा एकाच मुलाला दोन्हींत उतरवतात.

– एक ॲथलेटिक्स प्रशिक्षक, नाशिक